हसणारा मोहल्ला मराठीत का दिसत नाही?

हौदाजवळ
बरेच दिवस डोक्यात आहे, म्हणून धागा काढतोय. मी मिरजेचा. घरात दख्खनी, शाळा मराठी, आणि विनोदी वाचन झाडून सगळं मराठीतलं. पेठेतला घरमालक, कोकणातला खोत, चाळीतला गणेशोत्सव, वऱ्हाडातलं लग्न, ही सगळी मंडळी मला माझ्या सख्ख्या चुलत्यांपेक्षा जास्त माहीत आहेत. पण त्या चुलत्यांवर कुणी मराठीत हसत हसत लिहिलंय, असं फारसं सापडत नाही.

मराठी कथेत मुसलमान आला की तो दंगलीत मरतो, नाहीतर बायकोला तलाक देतो, नाहीतर गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी देऊन एकात्मता साधतो. नाटक-सिनेमात आला तर ‘मेरेकू तेरेकू’ करणारा खाटीक. साधा, कंजूष, बढाईखोर, जावयावर जळणारा, मशिदीच्या कमिटीत खजिनदारपदासाठी जीव टाकणारा मुसलमान कुठाय? आमच्या गल्लीत तर असे किलोवर मिळतात.

मागे एका दिवाळी अंकाला तरावीहवर, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजावर, लेख पाठवला होता. संपादकांचा फोन आला. “लेख फर्मास आहे, पण नको. उगाच वाद होतील.” विचारलं, कोण घालणार वाद? म्हणाले, “दोन्हीकडचे.”

तर विचारायचं एवढंच, की असं लेखन आहे आणि मलाच दिसलं नाही, की मुळातच नाही? आणि नसेल तर का नाही?

तिरकस
संपादकांना लेख नाकारताना तुमच्यापेक्षा भारी विनोद सुचला. त्यांनाच लिहायला सांगा.

पुस्तककिडा
हमीद दलवाई वाचलेत का? लोकांना त्यांचा १९६६ चा तोंडी तलाकविरोधी सात बायकांचा मोर्चा आणि १९७० चं मुस्लिम सत्यशोधक मंडळ तेवढं आठवतं. पण ते आधी कथाकार होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ‘लाट’मधल्या कथा आणि ‘इंधन’ ही कादंबरी वाचताना गावातल्या बड्या घरांचा पोकळ रुबाब ज्या कोरडेपणाने समोर येतो, तो एक प्रकारचा विनोदच आहे.

हौदाजवळ
वाचलेत, आणि मानतो. पण ते हसू घशात अडकतं. मला बनियनवर बसून हसण्यासारखं हवंय.

साधा_माणूस
खरं कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. आमच्या देवांवर नाटकं, सिनेमे, व्यंगचित्रं सगळं चालतं. तिकडे एक शब्द काढून बघा. संपादक शहाणा होता.

झुबेदा_गुहागर
साधे माणूस, एक शब्द काय घेऊन बसलात, आमच्याकडे दिवसाला हजार निघतात. तुम्ही आमच्या पडवीत कधी बसला नाहीत, म्हणून कानावर आले नाहीत.

एक नमुना देते. रमजानमध्ये महिन्यातले काही दिवस बायकांना रोजा नसतो. का नसतो ते घरातल्या प्रत्येकाला माहीत, आणि कुणालाच माहीत नाही. मग वीस वर्षांची मुलगी स्वयंपाकघराचं दार लोटून, ओट्याखाली उकिडवी बसून, काल रात्रीचा थंड मटणपुलाव हाताने खातेय. तोंड भरलेलं, आणि नेमका धाकटा भाऊ पाणी भरायला येतो. “तुझा रोजा नाही?” “पोट बिघडलंय.” “पोट बिघडलंय आणि मटण खातेस?” मागून दादीचा आवाज, “तुला काय करायचंय? जा, मशिदीत जा.” पोरगा जातो. पुढच्या रमजानला पुन्हा तोच प्रश्न. पोट मात्र दर महिन्याला वेळेवर बिघडतं.

हा किस्सा आमच्या प्रत्येक घरात आहे. यात धर्माचा अपमान कुठे झाला सांगा.

देशस्थ_बंडू
झुबेदाताई, आमच्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणून आजी कोपऱ्यात बसायची, आणि आम्ही पोरं अंगणात तो कावळा शोधायचो.

तिरकस
बंडू, सापडला का?

दख्खनी_मिरची
मूळ प्रश्नाचं माझ्या मते अर्धं उत्तर भूगोलात आहे. मी नांदेडची. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, सरकारी कामकाजाची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. त्यामुळे आमच्याकडच्या ज्या मुसलमानाला विनोद सुचला त्याने तो उर्दूत लिहिला. युसूफ नाझिम हे उर्दूतले मोठे विनोदी लेखक, मूळचे आपल्या जालन्याचे, पुढे आयुष्य मुंबईत. किती मराठी वाचकांना नाव माहीत आहे? गुलबर्ग्याचे मुज्तबा हुसैन हैदराबादच्या ‘सियासत’मध्ये सदर लिहायचे, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. हैदराबादेतून ‘शगूफा’ नावाचं मासिक १९६८ पासून निघत आलंय, निव्वळ विनोदाला वाहिलेलं. आणि सुलेमान खतीब! दख्खनी मुशायऱ्यात सासू-सुनेची भांडणं ते अशी उभी करायचे की पडद्यामागे बसलेल्या सासवाच आधी खिदळायच्या.

म्हणजे हसणारा मोहल्ला आहेच. तुम्ही चुकीच्या लिपीत शोधताय. मराठवाड्यातला माणूस, मराठवाड्यातलीच सासू, पण पुस्तक मराठीच्या दुकानात येत नाही.

हौदाजवळ
मिरचीताई, हे पटलं. पण आमच्या मिरजेला ही सबब चालायची नाही. आमच्याकडे संस्थान पटवर्धनांचं. आमचे आजोबा मोडीत हिशेब लिहायचे.

दख्खनी_मिरची
मग मोडीत विनोद का नाही केला त्यांनी?

हौदाजवळ
उधारीच्या वहीत भरपूर आहे. वसूल झालेली एकच नोंद आहे.

मोगलकालीन
गालिबशिवाय हा धागा पूर्ण होत नाही, तेव्हा घ्या. रमजानचे दिवस, भर दुपार. मिर्झा आपल्या कोंदट कोठडीत मित्राबरोबर चौसर खेळत बसलेत. तेवढ्यात मुफ्ती सदरुद्दीन आझुर्दा येतात, दिल्लीतले बडे आलिम. म्हणतात, रमजानात सैतानाला कैद करून ठेवतात असं हदीसमध्ये वाचलं होतं, आज त्या हदीसबद्दल शंका यायला लागली. मिर्झा म्हणतात, हदीस अगदी बरोबर आहे, फक्त सैतानाला जिथे कोंडतात ती जागा हीच कोठडी.

दुसरा १८५७ नंतरचा. गोऱ्या कर्नलपुढे उभं केलं. “तुम मुसलमान?” “आधा.” म्हणजे काय? “शराब पीता हूँ, सूअर नहीं खाता.” शहर उद्ध्वस्त झालंय, मित्र मारले गेलेत, आणि माणूस सुटकेसाठी हे उत्तर देतोय. दोन्ही किस्से गालिबचे शिष्य हाली यांनी त्यांच्या चरित्रात नोंदवलेत, ते १८९७ चं.

माझा मुद्दा असा, की मुफ्ती साहेबांनी फतवा काढला नाही. त्यांना टोला मिळाला, तो त्यांनी घेतला. मैत्री तशीच राहिली.

साधा_माणूस
मोगलकालीन, ते मोगलकालीनच राहिलं ना पण.

दीनदार
मी रोज पाच वेळा मशिदीत जाणारा माणूस आहे, म्हणून लिहितोय. हसायला बंदी आहे असा समज दिसतो, आमच्यातल्याही काहींचा आहे.

पैगंबर साहेब (स.) स्वतः थट्टा करत, याच्या रिवायती आहेत. एका म्हातारीने विचारलं, माझ्यासाठी दुवा करा, मला जन्नत मिळू दे. म्हणाले, जन्नतमध्ये कुणी म्हातारी जात नाही. ती रडत निघाली तेव्हा सांगून पाठवलं, की तिथे जाताना ती तरुण झालेली असेल. एकाने बसायला उंट मागितला, तर म्हणाले, तुला उंटिणीचं पिल्लू देतो. तो म्हणाला, पिल्लू घेऊन काय करू? म्हणाले, अरे, प्रत्येक उंट कुठल्या तरी उंटिणीचं पिल्लूच असतो ना? आणि हजरत सुहैब डोळा आलेला असताना खजूर खात होते. विचारलं, डोळा दुखतोय आणि खजूर खातोस? ते म्हणाले, दुसऱ्या बाजूने चावतोय. यावर पैगंबर साहेब हसले.

म्हणजे हसण्याचा प्रश्न नाही. खोटं बोलायचं नाही आणि समोरच्याला कमी लेखायचं नाही, या दोन अटी आहेत. कुरआनात सूरह हुजुरातमध्ये (४९:११) स्पष्ट आहे, एका गटाने दुसऱ्या गटाची टिंगल करू नये, कदाचित ते यांच्यापेक्षा चांगले असतील. मी ती आयत दोन्हीकडच्यांना ऐकवत असतो. दोन्हीकडे तेवढ्यापुरते गप्प बसतात.

तिरकस
‘दुसऱ्या बाजूने चावतोय’ आजपासून माझं. डॉक्टरांना ऐकवणार.

पुस्तककिडा
दीनदार, छान लिहिलंत, पण ‘कमी लेखायचं नाही’ ही अट फार लवचिक आहे. कोण ठरवणार? उर्दू शायर अकबर इलाहाबादी घ्या. बिनपडद्याच्या बायका दिसल्या म्हणून यांनी विचारलं, तुमचा पडदा कुठे गेला, तर त्या म्हणाल्या, पुरुषांच्या अकलेवर पडला. अकबर स्वतः पडद्याच्या बाजूचे होते, नव्या चालीरीतींची आयुष्यभर टर उडवली. पण ही कविता बायकांच्या बाजूने लढणारेच जास्त ऐकवतात. विनोद एकदा सुटला की लिहिणाऱ्याचं ऐकत नाही.

दीनदार
मान्य. म्हणून तर सांभाळून सोडावा.

झुबेदा_गुहागर
दीनदारभाई, सांभाळून सोडलेल्याला आमच्याकडे फुसका बार म्हणतात.

वारीतला
मराठीत नाही म्हणणाऱ्यांना नाथांची आठवण करून देतो. एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’. सोळावं शतक. तुर्क म्हणतो काफर, हिंदू म्हणतो विटाळ होईल, परता सर. आणि मग जी जुंपते! एक दुसऱ्याच्या देवांची लफडी काढतो, दुसरा विचारतो, तुझा देव सगळीकडे आहे तर तोंड पश्चिमेलाच का? कुणालाही सोडलेलं नाही. शेवटी दोघं एकमेकांना भेटतात, सलोखा होतो. पैठणात बसून, ब्राह्मणाने, दौलताबादेच्या मुसलमानी अमलात लिहिलेलं आहे. नाथांच्या भारुडांत फकीर, दरवेशी, हबशी असे सगळे बोलतात, तेही दख्खनीत.

भांडणारे दोघं एकमेकांच्या घरातलं किती बारीक जाणतात बघा. आज आपल्याला टिंगल करायलासुद्धा पुरेशी माहिती नसते.

साधा_माणूस
नाथांनी आज लिहिलं असतं तर? पॅरिसला २०१५ मध्ये व्यंगचित्रकारांना मारलं, ते विसरलात?

गल्लीतला_नास्तिक
आणि इंदूर २०२१? स्टँड-अप कॉमेडियन मुनव्वर फारुकी. १ जानेवारीला अटक, सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला. विनोदासाठी आत जायला हल्ली कुठल्याही धर्माचा विनोद पुरतो.

साधा_माणूस
दोन्हींची तुलना होते का? तिथे माणसं मारली.

गल्लीतला_नास्तिक
तुलना तुम्ही सुरू केलीत, माझी फक्त

संपादक मंडळ
वरील दोन सदस्यांचे पुढचे प्रतिसाद उडवले आहेत. विषय मुस्लिम जीवनावरचं विनोदी लेखन असा आहे. इतर भांडणांसाठी सतरा धागे चालू आहेत, तिथे जागा आहे.

तिरकस
सतरा मोजून पाहिले. एकोणीस आहेत.

बर्मिंगहॅमकर
वातावरण तापलंय तर चंद्राकडे बघू. आम्ही मूळचे श्रीवर्धनचे, अब्बांच्या वेळेपासून इंग्लंडात. इथे आभाळ असं, की चंद्रच काय सूर्य दिसला तरी लोक फोटो काढतात. त्यामुळे ईद ठरवायची कशी? एक मशीद सौदीच्या मागे, एक मोरोक्कोच्या मागे, एक म्हणते आम्ही इथलंच धरणार. परिणामी एकाच रस्त्यावर एका घरी ईद आणि समोरच्या घरी रोजा.

आमच्या घरात अब्बा एका मशिदीचे, मोठे मेहुणे दुसरीचे. रात्री दहा वाजता अब्बा फोनवर पाच ठिकाणी “झाला का? झाला का?” करत असतात. नवीन आलेल्या शेजाऱ्याला वाटलं घरात बाळंतपण आहे. मग ठरतं की उद्या ईद. मेहुण्यांचा फोन, आमचा रोजा आहे, पण तुम्ही खुर्मा करणारच आहात तर आमच्यापुरता ठेवा, परवा येतो. परवा येतात, आणि आदल्या दिवसाच्या खुर्म्याला नावं ठेवतात.

ऑफिसात सुट्टी मागायची तर साहेब विचारतो, मंगळवार की बुधवार? सांगतो, चंद्रावर आहे. तो समजतो मी थट्टा करतोय.

झुबेदा_गुहागर
चंद्राचं काही सांगू नका. रात्री अकराला ‘दिसला’ म्हणून कळतं, आणि तेव्हापासून बाईमाणसाची ईद सुरू होते. पुरुषांची सकाळी, आंघोळ करून अत्तर लावल्यावर.

देशस्थ_बंडू
मी मीरा रोडला राहतो, बकरी ईदच्या आधी सोसायटीत बोकड येतात, त्यावरून मीटिंगमध्ये जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा. मला माझ्या मजल्यावरच्या शेखसाहेबांची गंमत सांगायचीय. ते मला देवनारला घेऊन गेले. तिथे कळलं की प्रत्येक मुसलमान पुरुष जन्मतः बोकडांचा दंतवैद्य असतो. बँकेत कारकून असलेला माणूस, आयुष्यात कोंबडी पाळलेली नाही, तो बोकडाचा खालचा ओठ दोन बोटांनी खाली ओढतो, आत डोकावतो, मान हलवतो आणि म्हणतो, “दो दांत है, लेकिन...” हा ‘लेकिन’ म्हणजे दोन हजार रुपये कमी करा. विकणारा राजस्थानचा, तो बोकडाचा पत्ता सांगावा तसा त्याचं खानदान सांगतो. बोकड आपला दोघांकडे आळीपाळीने बघत मधेच कुणाची तरी पिशवी चावतो.

एका बोकडाच्या अंगावर काळ्या ठिपक्यांत ‘अल्लाह’ लिहिलंय म्हणून मालकाने किंमत लाखांत लावली होती. भोवती गर्दी. शेखसाहेबांनी चष्मा काढून, घालून, वाकून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, “अल्लाह ने लिखा होता तो हैंडराइटिंग अच्छी होती.”

दीनदार
शेखसाहेबांना माझा सलाम सांगा. या ठिपक्यांच्या धंद्यावर मी दरवर्षी बोलतो, पण हे वाक्य सुचलं नव्हतं.

दख्खनी_मिरची
मुद्दा असा की हे वाक्य शेखसाहेब बंडूंना म्हणाले. बंडूंनी मराठीत लिहिलं. शेखसाहेबांनी स्वतः का नाही लिहिलं?

देशस्थ_बंडू
ते म्हणतात, मला मराठीत फक्त अर्ज लिहिता येतात.

अनुवादवेडी
उशिरा आले, सगळा धागा एका दमात वाचला. मिरचीताईंनी भाषेचं सांगितलं, साधा माणूस भीतीचं सांगतायत. मला वाटतं मधलं एक कारण राहतंय, ते म्हणजे समजावून सांगण्याची सक्ती.

वैकम मुहम्मद बशीर बघा, मल्याळममधले. १९५१ च्या त्यांच्या कादंबरीत एक आई आहे, जिचा सगळा तोरा एका गोष्टीवर उभा: तिच्या वडिलांकडे हत्ती होता, भला दांडगा सुळेवाला! घर गेलं, पैसा गेला, नवऱ्याचा रुबाब गेला, हत्ती काही जात नाही. शेजारी शिकलेलं, सुधारलेलं मुसलमान कुटुंब राहायला येतं, तर ही त्यांना काफरच ठरवते. काफर हा शब्द ती कुणाकुणाला लावते ते वाचताना पोट दुखतं. शेवटी गल्लीतली पोरं ठरवतात की तो हत्ती नव्हताच, मातीत खळगा करणारा किडा होता, ज्याच्या मल्याळी नावात हत्ती आहे. बशीर कुठे थांबून सांगत नाहीत की बघा, आमच्यात अमुक प्रथा असते. ते सरळ घरात घुसतात.

राही मासूम रझांची हिंदी कादंबरी ‘आधा गाँव’, १९६६, तशीच. मोहरमची मजलिस, म्हणजे पवित्रात पवित्र दुःख, आणि गावातल्या उत्तर पट्टी आणि दक्खिन पट्टीत चढाओढ, कुणाचा ताजिया मोठा, कुणाकडे रडणं जोरात. दुःख खरं आणि चढाओढही खरी. लेखक स्वतः त्या गंगौलीचाच, म्हणून दोन्ही दिसतं.

मराठीत मुसलमान लेखक लिहायला बसला की मनातला वाचक कोण असतो? ज्याला वजू म्हणजे काय ते माहीत नाही असा कुणीतरी. मग प्रत्येक शब्दाला कंसात अर्थ. कंसात अर्थ आला की विनोद मेला. आम्ही ब्राह्मणी घरातले विनोद वाचताना ‘सोवळं’, ‘पळीपंचपात्र’, ‘मौंज’ यांना कुणी कंस दिला होता? हौदाजवळ, तुम्हाला तरी दिला होता का?

हौदाजवळ
नाही. पळीपंचपात्र म्हणजे भांडी किती ते मला आजही माहीत नाही, पण हसलो. अनुवादवेडी, तुम्ही माझा लेख उघडून बघितल्यासारखं लिहिलंत. त्यात कंसच कंस आहेत.

झुबेदा_गुहागर
अनुवादवेडी, पटलं, पण आमच्याकडे आणखी एक आहे. कंस नसले तरी खाला, म्हणजे मावशी, आहे. मी मागे कुवेतहून येणाऱ्या पाहुण्यांवर लिहिलं होतं, फक्त नात्यातल्या ग्रुपवर. चाळीस किलोच्या बॅगेत दूध पावडरचे डबे, टँग, बदाम, बाम, आणि वजनकाट्यापाशी विमानतळावर उघडलेली बॅग, त्यातून सगळ्यांसमोर निघालेले जुने सँडल, जे गावी कुणाला तरी द्यायचे होते. नाव कुणाचं नव्हतं. तीन खालांना वाटलं ते सँडल त्यांचेच. चौथीला वाईट वाटलं की तिच्यावर काहीच लिहिलं नाही. वर कुणीतरी स्क्रीनशॉट काढून जमातीच्या ग्रुपवर टाकला, तिथे एका गृहस्थांनी विचारलं, बाईमाणूस असलं लिहिते, घरचे काय करतात? घरचे हसत होते, दुसरं काय करणार. पण मी त्यानंतर लिहिलं नाही, हेही खरं.

साधा माणूस म्हणतात ती भीती मोठ्या बातम्यांची. आमची भीती खालाची.

साधा_माणूस
झुबेदाताई, हे मात्र आमच्याकडेही सेम आहे. मी भावकीच्या वाटणीवर चार ओळी लिहिल्या होत्या. दोन लग्नांची आमंत्रणं आली नाहीत.

तिरकस
साधा माणूस, आहेर वाचला की.

अनुवादवेडी
हौदाजवळ, कंस काढून एक परिच्छेद इथेच टाका ना. बघू कुणाला कळत नाही ते.

हौदाजवळ
टाकतो. कंस सगळे उडवलेत. ज्याला जे कळणार नाही ते त्याने शेजाऱ्याला विचारावं, नाहीतर नव्या शेजाऱ्यांकडे राहायला जावं.

“आमच्या मोहल्ल्यात दोन मशिदी. मोठीतले हाफिजसाहेब कुरआन असा पढतात की एकेक हर्फ ऐकू यावा. लहानीतले हाफिजसाहेब असा, की मागच्याला फक्त आयतीचा शेवट ऐकू यावा. मोठीत तरावीहला पावणेदोन तास, लहानीत पन्नास मिनिटं. रमजानच्या पहिल्या रात्री सगळे मोठीत. लोक एकमेकांना सांगतात, तरावीह म्हणजे अशी पाहिजे, दिलाला सुकून मिळतो. तिसऱ्या रात्रीपासून सुकून कमी व्हायला लागतो आणि लहानीसमोर स्कूटर वाढायला लागतात. दहाव्या रात्री लहानीत पाय ठेवायला जागा नाही, आणि मोठीत पहिल्या सफमध्ये हाजी, दुसऱ्यात पेन्शनर, तिसऱ्यात पंखा.

आमचे चुलते मात्र मोठीतच. तत्त्वाचे पक्के. आठव्या रकातनंतर जरा पाणी पिऊन येतो म्हणून हौदावर जातात. विसाव्याच्या सुमाराला परत येतात. वित्र चुकवलेली नाही म्हणून अभिमानाने सांगतात. एकदा एक नवा पोरगा त्यांना म्हणाला, चाचा, तरावीह आठच असतात असं मानणारे पण आहेत, तुम्ही त्यांच्यातले का? चुलते भडकले. ‘आपण वीसवाले आहोत! आठवाल्यांच्या मागे मी नमाज तरी पढेन काय?’

सत्ताविसाव्या रात्री खत्म. त्या रात्री मिठाई असते. त्या रात्री दोन्ही मशिदी भरतात, रस्त्यावर चटया टाकतात, आणि महिनाभर ज्यांना कंबरदुखी, शुगर, दुकान, पाहुणे होते ते सगळे इस्त्रीचा कुर्ता घालून पहिल्या सफमध्ये. हाजीसाहेब पहिल्यांदाच चौथ्या सफमध्ये ढकलले जातात. दुवा लांबते. हाफिजसाहेब रडतात, लोक रडतात, चुलतेही रडतात, आणि रडता रडता एका डोळ्याने खोकी मोजतात. पुरणार नाहीत असं दिसलं की आमीन मोठ्याने म्हणतात, म्हणजे लवकर संपावं.”

देशस्थ_बंडू
‘सुकून कमी व्हायला लागतो’ला मोठ्याने हसलो. वित्र सोडून सगळं कळलं, आणि वित्रही कळलं, शेवटचं काहीतरी आहे जे चुकवायचं नसतं.

अनुवादवेडी
बघा. एकही कंस लागला नाही.

पुस्तककिडा
लागला नाही, पण दुसऱ्या परिच्छेदातलं आठ-वीस माझ्या पूर्ण डोक्यावरून गेलं. चुलते भडकले एवढंच कळलं. तिथे एखादं वाक्य टाका. कंस नको, चुलत्यांच्याच तोंडी घाला.

हौदाजवळ
टाकतो. चुलत्यांना बोलायला सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं.

वारीतला
आमच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला अशीच गर्दी. सहा दिवस टाळकरी बारा, सातव्या दिवशी पंगतीला दोन हजार.

साधा_माणूस
माझं मूळ मत बदललेलं नाही. पण लेख छापायला हवा होता हे सांगतो. आणि ती आमीनची आयडिया आमच्या आरतीला चालेल का बघतो, आमचे एक काका सात आरत्यांच्या खाली उतरत नाहीत.

झुबेदा_गुहागर
हौदाजवळभाई, सगळं ठीक, पण या पूर्ण लेखात एकही बाई नाही. तुमचे चुलते हौदावर होते तेव्हा त्यांची सहरी कोण करत होतं?

हौदाजवळ
चाची. आणि चाचींचं म्हणणं, मोठ्या मशिदीला जाऊ द्या त्यांना, तेवढाच पावणेदोन तास घरात सुकून.

झुबेदा_गुहागर
हे लेखात घाला! हे बाहेर कशाला ठेवलंत!

दख्खनी_मिरची
दुसऱ्या अंकाला पाठवा, आणि नाव बदलून नाही, स्वतःच्या नावाने. उर्दू अनुवाद मी करते. जालन्याचं कर्ज आहे, तेवढं तरी फेडते.

दीनदार
परिच्छेद फोनवर आमच्या हाफिजसाहेबांना वाचून दाखवला. मला वाटलं नाराज होतील. त्यांना पक्कं वाटतंय की तुम्ही आमच्याच गावचे आहात आणि लहानी मशीद म्हणजे आमची. बाकी काही तक्रार नाही, फक्त पन्नास मिनिटं चुकीचं आहे म्हणतात. पंचेचाळीस करा.